‘एकच वर्ष’ हा हिशेब खोटा आहे

‘एकच वर्ष कळ काढ, मग आयुष्यभर हवं ते कर.’ बारावीत गेलेल्या मुलाला हे वाक्य घरात ऐकू येतं, क्लासमध्ये ऐकू येतं, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला मामा ऐकवतो आणि जूनमधल्या पालकसभेत पाहुणे म्हणून आलेले सर माइकवरून ऐकवतात. त्यामागे काळजी असते, माया असते, म्हणून त्याला कुणी उलटून प्रश्न विचारत नाही. मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. या वाक्याने काय होतं ते मला समोरच्या बाकांवर दिसतं. तबल्याला हात लावायचं बंद केलेला मुलगा, रंगपेटी धाकट्या भावाला देऊन टाकलेली मुलगी, जिच्या कथांची वही आईने कपाटात ठेवून कुलूप लावलं अशी मुलगी. मुलं स्वतःहून करत असलेली ही कामं बारावीत थांबवलीच पाहिजेत, असं मानणाऱ्यांना हे उत्तर आहे. त्यांचं म्हणणं अर्धं खरं धरून मधला मार्ग काढायचा माझा विचार नाही. त्यांच्या हिशेबाची मांडणीच चुकली आहे.

आधी हे ‘एकच वर्ष’ किती लांब असतं ते पाहू. आता आठवीपासून फाउंडेशनच्या बॅचेस भरतात आणि ‘आता खेळ पुरे’ हे तिथे पहिल्यांदा सांगितलं जातं. दहावीला तेच वाक्य पुन्हा येतं. दहावीचा शेवटचा पेपर झाला की सुट्टी संपायच्या आत अकरावीचे क्लास सुरू होतात, कारण अकरावीचा अभ्यासक्रम नीटलाही असतो, जेईईलाही असतो आणि सीईटीलाही. बारावीचं वर्ष तर बारा महिन्यांत मावतच नाही. जानेवारीत जेईई मेनचं पहिलं सत्र आणि प्रात्यक्षिकांची धांदल, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची लेखी परीक्षा, एप्रिलमध्ये जेईईचं दुसरं सत्र, एप्रिल-मेमध्ये सीईटी, मेच्या पहिल्या रविवारी नीट, मग निकाल, मग कॅप राउंड, आणि कुठलं कॉलेज मिळणार या टांगणीत पावसाळा अर्धा सरतो. मनासारखा निकाल लागला नाही की रिपीट. म्हणजे तेराव्या वर्षापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंतचा सगळा काळ ‘एकच वर्ष’ म्हणत म्हणत काढून घेतला जातो. पुढे अभियांत्रिकीला गेलेल्या मुलाला सांगतात, पहिलं वर्ष अवघड असतं. मग प्लेसमेंटचं वर्ष असतं. मग नोकरीची सुरुवात असते. बी.ए. करणाऱ्याला एमपीएससी असते. ‘मग’ म्हणून दाखवलेला तो मोकळा काळ कुणाच्याही आयुष्यात आपसूक येताना मी पाहिलेला नाही.

आता ज्या बक्षिसासाठी हे सगळं थांबवायचं, त्याचाही हिशेब मांडू. 2025 मध्ये देशभरातून 22 लाखांहून अधिक मुलं नीटला बसली. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. त्यातल्याही निम्म्याच्या आसपास खासगी महाविद्यालयांतल्या, ज्यांची फी शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, एसटी कंडक्टरच्या घराला झेपत नाही. बाकीच्या 20 लाखांना हे वाक्य सांगणाऱ्यांनी काय दिलं? त्यांनीही गाणं सोडलं होतं, त्यांनीही मैदान सोडलं होतं. जूनमध्ये त्यांच्या हातात एक गुणपत्रक उरतं, आणि त्या गुणपत्रकाने त्यांना हवं ते दार उघडलेलं नसतं. ज्या मुलाचं त्या वर्षात स्वतःचं म्हणून काही चालू होतं, तो अपयशानंतर उभा राहताना मी पाहिला आहे, कारण परीक्षा गेली तरी तो करत असलेलं काम तिथेच असतं. ज्याच्याकडून सगळं काढून घेतलं होतं, त्याला निकालाच्या दिवशी आपण कोण आहोत हेच सांगता येत नाही. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला अशा कडेला नेऊन उभं करायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

आणि हे वाक्य फक्त नीटवाल्यांना सांगितलं जात नाही. 2025 मध्ये राज्यात बारावीला 14 लाखांच्या वर विद्यार्थी बसले, त्यांतले विज्ञान शाखेचे निम्म्याच्या आसपास. कला शाखेतली जी मुलगी मराठी घेऊन बी.ए. करणार आहे, तिलाही कथा लिहायला बंदी! डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांच्या एका रांगेसाठी तयार केलेला नियम आपण विचार न करता साऱ्या रांगांना लावला आहे. ज्याला जे. जे. किंवा अभिनव कला महाविद्यालयात जायचं आहे, त्याच्या हातातली स्केचबुक काढून घेऊन त्याला रसायनशास्त्राच्या क्लासला बसवणारे पालक मला भेटले आहेत. तिथे स्केचबुक हाच अभ्यास असतो, हे त्यांना सांगायला कुणी नव्हतं.

सगळ्यात पक्का वाटणारा मुद्दा वेळेचा. दिवसाचे तास चोवीसच. एक तास तिकडे गेला म्हणजे अभ्यासातून गेला. कागदावर हे बरोबर दिसतं. वर्गात दिसत नाही. काढून घेतलेला तास अभ्यासाकडे जातो हे गृहीत कुणी तपासलं आहे का? मुलांशी बसून, रागावणार नाही असं सांगून विचारलं की ती खरं बोलतात. पुस्तक उघडं असतं, वहीवर तारीख टाकलेली असते, मोबाइल उशीखाली असतो. दोन तासांनंतर डोकं बंद पडतं. पण उठायची परवानगी नसते, म्हणून मूल उठत नाही, आणि बसल्या जागी रील्स पाहतं. मग अपराधी वाटतं, मग रात्री जागून भरपाई, मग दुसऱ्या दिवशी वर्गात पेंग. घरच्यांना वाटतं दहा तास अभ्यास झाला. त्यातला खरा किती, हे त्या मुलालाही ठाऊक नसतं. तबला वाजवायची बंदी असते, रील्सना बंदी घालता येत नाही. मुलाला थकवा घालवायला काहीतरी लागतंच. आपण चांगलं ते काढून घेतो आणि त्या जागी वाईट आपोआप येऊन बसतं.

इथे छंदांची बाजू घेणारे लोक एक उत्तर देतात, आणि मला त्यांच्याशीही भांडायचं आहे. ते म्हणतात, छंदाने मन ताजं राहतं, एकाग्रता वाढते, म्हणून मार्कही वाढतात. हे उत्तर मी देणार नाही. काही मुलांचे मार्क वाढत असतील, काहींचे थोडे कमीही होत असतील. पण एखादी गोष्ट मार्कांच्या उपयोगी आहे म्हणूनच तिला जगू द्यायचं, हे मान्य केलं की आपण वाद हरलो. आपल्याकडे हेच झालं आहे. दहावीला शास्त्रीय कला, लोककला, चित्रकला, खेळ यांचे वाढीव गुण मिळतात. हेतू चांगला होता. परिणाम असा की आठवी-नववीत घरोघर एलिमेंटरी, इंटरमिजिएटची घाई, गांधर्वच्या परीक्षांची घाई, आणि दहावीचं गुणपत्रक हातात आलं की कुंचले माळ्यावर. शहरात, गावात, कुठल्याही बायकांच्या घोळक्यात विचारा: मध्यमा पूर्ण झाली होती, विशारद राहून गेलं, असं सांगणारी एक तरी भेटतेच. का राहिलं, तर बारावी आली. मग लग्न आलं. गाण्याला मार्क मिळत होते तोवर ते घरात चालत होतं. मार्क मिळायचे थांबले, गाणंही थांबलं. त्या मुलीला गळा होता, हे तिच्या मुलांनाही आता माहीत नसतं. अशा बायकांच्या घरातल्या पेट्यांवरची धूळ पाहून मला राग येतो, आणि तो कमी होऊ नये असंही वाटतं.

मग हे काम कशासाठी? माझ्या वर्गातल्या एका मुलाचं सांगते. घरी चार म्हशी, दोन गायी. वडील रोज दोन वेळा संकलन केंद्रावर दूध घालतात. तिथे फॅट लागते, लॅक्टोमीटरवर डिग्री लागते, त्यावरून एसएनएफ (फॅट वगळता दुधातले घन घटक) निघतं, आणि दरपत्रकात त्या दोन आकड्यांच्या चौकटीत जो भाव असेल तो मिळतो. दहा दिवसांनी बिल येतं. वडिलांना दरवेळी वाटायचं की काहीतरी कमी आलंय, पण कुठे ते दाखवता यायचं नाही. मुलाने अकरावीच्या उन्हाळ्यात मोबाइलवर त्याचा हिशेब बसवायला घेतला. आधी साधी स्प्रेडशीट, मग थोडं प्रोग्रॅमिंग शिकून स्वतःचं छोटं ॲप. दरपत्रक बदललं की सगळं कोसळायचं, मग पुन्हा बसायचा. सकाळच्या आणि संध्याकाळच्या दुधाची डिग्री वेगळी का येते, हे त्याने मला विचारलं. तापमान बदललं की दुधाची घनता बदलते आणि लॅक्टोमीटरचं वाचन हलतं, हे मी सांगितलं. मग ते दुरुस्त करायचं सूत्र त्याने शोधून आणलं, आणि ते सूत्र कुठे तुटतं हेही आपलं आपण तपासलं. मोजमापातल्या त्रुटींचा धडा मी अनेक वर्षं शिकवते आहे. तो धडा ज्याने खरोखर वापरला असा हा विद्यार्थी.

त्याला बोर्डात बरे मार्क मिळाले, थोर नाहीत. तो कुठल्या मोठ्या संस्थेत गेला असं सांगून मला वाचकाला जिंकायचं नाही. मी पाहिलं ते हे, की आपलं काम चूक आहे हे त्याला कुणी लाल शाईने सांगावं लागत नव्हतं. वडिलांचं बिल आणि त्याचा आकडा जुळला नाही की त्याला कळायचं, आणि चूक त्याचीच असेल तर तो ती मान्य करून मागे जायचा. शाळेच्या दहा-बारा वर्षांत मुलाला हे कुठेच शिकायला मिळत नाही. तिथे प्रश्न दुसऱ्याचा असतो, उत्तर पाठीमागच्या पानावर असतं आणि बरोबर-चूक ठरवणारा तिसराच असतो. स्वतः प्रश्न धरणं, तो अडला की सोडून न देणं, पुरं झालं की नाही हे स्वतः ठरवणं, ही कामं करायची सवय सतराव्या वर्षी लागते तेव्हा ती अंगात मुरते. आपल्या पदवीधरांना नोकरीत कुणी सांगितल्याशिवाय काही सुचत नाही, अशी तक्रार करणारे उद्योजक आणि बारावीच्या मुलाचा संगणक बंद करून ठेवणारे पालक अनेकदा एकच असतात.

‘नंतर कर’ या सल्ल्याचं दुसरं खोटेपण असं की काही कामं नंतरसाठी थांबत नाहीत. एक विद्यार्थिनी तिच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून वहीत उतरवत होती. आजी ऐंशीच्या पुढची. काही ओव्यांची चाल आठवायची, शब्द निसटायचे. काहींचे शब्द होते, पण कुणाच्या लग्नात कुणी रचल्या ते विसरत चाललं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून अशा लाखावर ओव्या गोळा करून ठेवल्या, म्हणून आज आपल्याला त्या बायकांचे आवाज ऐकता येतात. पण या आजीपर्यंत कुणी पोचलेलं नव्हतं. तिच्यापर्यंत पोचू शकणारी एकच व्यक्ती जगात होती, आणि ती बारावीत होती. घरच्यांनी तिला सांगितलं, परीक्षा होऊ दे, आजी कुठे जातेय? आजीची आठवण मात्र रोज थोडी थोडी जात होती. त्या मुलीने ऐकलं नाही. दर रविवारी दुपारी, आजी वाती वळायला बसली की ती शेजारी बसायची. मी तिच्या बाजूने घरी जाऊन बोलले, आणि आज तशीच वेळ आली तर पुन्हा जाईन.

मुलींचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगितलं पाहिजे. ‘बारावी आहे म्हणून सगळं बंद’ यातलं ‘सगळं’ मुलगा आणि मुलगी यांच्यासाठी सारखं नसतं. मुलाला पाण्याचा तांब्या जागेवर मिळतो. मुलीचं नृत्य बंद होतं, वाचनालय बंद होतं, मैत्रिणीकडे जाणं बंद होतं. संध्याकाळच्या भाकरी बंद होत नाहीत, धाकट्याचा अभ्यास घेणं बंद होत नाही, पाहुण्यांचा चहा बंद होत नाही. म्हणजे तिच्या दिवसातला तिचा स्वतःचा जो एक तास होता, तेवढाच काढला गेला. पुन्हा ‘बारावीनंतर कर’ म्हणताना तिच्या बारावीनंतर घरच्यांच्या मनात काय चाललं आहे, हे तिला बहुतेक वेळा माहीत असतं. स्थळं यायला लागलेली असतात. तिच्यासाठी नंतर म्हणजे आत्ताच. हे जाणून असणाऱ्या मुलींना मी अभ्यासाइतकंच त्यांचं काम घट्ट धरून ठेवायला सांगते.

खेड्यातल्या मुलांकडे पाहिलं तर या नियमाचा पायाच निघून जातो. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं पहाटे धारा काढून येतात, ऊस तोडणीच्या दिवसांत मोळ्या बांधतात, सुट्टीला किराणा दुकानात बसतात. बारावीत असताना त्यांनी इतर काही करू नये, असं पालकसभेतल्या पाहुण्यांनी कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही, कारण घराला त्या कामाची गरज असते. गरजेचं काम करून ही मुलं परीक्षा देतात, पास होतात, काही तर उत्तम पास होतात. म्हणजे अभ्यासासोबत दुसरं काम करता येतं, हे सर्वांना ठाऊक आहे. हरकत घेतली जाते ती फक्त मुलाने स्वतःच्या आवडीने निवडलेल्या कामाला.

आणि दुसऱ्या टोकाला पाहा. मुंबई-पुण्यात ज्या शाळांची वर्षाची फी कित्येक लाखांत आहे, तिथे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या अभ्यासक्रमाची मुलं असतात. आपल्या अकरावी-बारावीच्या वयाची. त्यांना डिप्लोमा हवा असेल तर स्वतः निवडलेल्या विषयावर 4,000 शब्दांपर्यंतचा शोधनिबंध लिहावाच लागतो. त्याशिवाय कला, शारीरिक उपक्रम आणि समाजोपयोगी काम यांत साधारण अठरा महिने सातत्याने सहभाग दाखवावा लागतो. नाही केलं तर डिप्लोमा नाही. म्हणजे ज्यांच्या घरी पैसा आहे, त्यांच्या मुलांसाठी शेवटच्या वर्षातलं स्वतःचं काम हे शिक्षणाचा अनिवार्य भाग. आणि आमच्या मुलांसाठी तेच काम म्हणजे चैन, नाद, वेळेचा अपव्यय. याहून मोठी विषमता मला शिक्षणात दिसत नाही, कारण ही विषमता आम्ही शिक्षक आणि पालक आमच्याच मुलांवर आमच्याच हातांनी लादतो आहोत.

आता विरोधकांच्या सगळ्यात गंभीर मुद्द्याकडे येते. नीटमध्ये एका प्रश्नाचे चार गुण असतात आणि तेवढ्याने हजारो क्रमांक पुढे-मागे होतात. हे खरं आहे. सरकारी महाविद्यालयाची जागा हुकली म्हणजे काय, हे ज्या बापाने सोसायटीचं कर्ज काढून क्लासची फी भरली त्याला विचारावं. त्याच्या भीतीला मी हसणार नाही आणि त्याला दोषही देणार नाही. त्याने जे केलं ते पोरासाठी केलं. पण त्याला मी हे नक्की विचारीन: त्या चार गुणांसाठी आठवड्यातले शेवटचे तीन तास काढून घ्यायचे, हे तुम्हाला कुणी सांगितलं? क्लासने. क्लासने पहाटेपासून रात्रीपर्यंत बसवण्याची फी घेतली आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: दिवसाला पाच तासांहून जास्त वर्ग नकोत, आठवड्याची सुट्टी द्यावी आणि सुट्टीच्या दुसऱ्याच दिवशी चाचणी ठेवू नये. रविवारी टेस्ट सिरीज आणि सोमवारी पहाटे नवी बॅच, हे चालू असलेल्या गावात या सूचना कुणी वाचल्या? तीन तासांनी मुलाचं नुकसान होतं असं सांगणाऱ्यांनी आधी मुलाची झोप परत द्यावी, मग चार गुणांचा हिशेब करावा.

कुणी लगेच सचिन तेंडुलकरचं नाव घेईल. एका बाजूचे म्हणतील, तो सोळाव्या वर्षी कराचीत कसोटी खेळला, बारावीचं काय घेऊन बसलात. दुसऱ्या बाजूचे म्हणतील, सगळे सचिन होत नाहीत. दोघांनाही विनंती, हे उदाहरण बाजूला ठेवा. ज्याला आपण कुणी मोठे होणार नाही हे माहीत आहे, त्या साध्या मुलाच्या साध्या कामाबद्दल मी बोलते आहे. कबड्डीत जिल्ह्यापर्यंतही न गेलेल्या मुलाला संध्याकाळी मैदानावर तासभर जायचा हक्क आहे. त्यासाठी त्याने अलौकिक असायची अट का?

माझ्या बाजूलाही मर्यादा आहेत आणि त्या मी मुलांना स्पष्ट सांगते. बारावीत एकच काम धरा. तीन धरलीत तर एकही नीट होणार नाही. ढोल पथक, भित्तिपत्रक आणि यूट्यूब चॅनल असं सगळं चालणार नाही. दहा जण ज्याच्यावर अवलंबून आहेत असं काम त्या वर्षी अंगावर घेऊ नका, कारण परीक्षा जवळ आली की तुम्हाला थांबावं लागेल आणि दुसऱ्याला दिलेला शब्द तेव्हा गळ्याशी येईल. स्पर्धांच्या तारखांमागे धावू नका. तास ठरलेले असू द्या, आठवड्यात तीन-चार, रविवारचे धरले तर उत्तम. आणि उठताना पुढची पायरी चार ओळींत लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या रविवारी अर्धा तास आठवण्यात जात नाही. दूधवाल्या मुलाच्या वहीत अशा ओळी असायच्या: जुनं दरपत्रक वेगळं साठवणे; संध्याकाळचं तापमान विचारून घेणे. डिसेंबर संपला की काम बाजूला ठेवा. पण तुम्ही ठेवा, आणि पुन्हा कधी काढायचं ती तारीख तुम्हीच ठरवा. मूल स्वतः थांबतं तेव्हा ते काम त्याचंच राहतं. बापाने लॅपटॉप कपाटात टाकला, तर ते काम तिथेच मेलं म्हणून समजा. पुढे कपाट उघडलं तरी मुलाचं मन त्यात परत जात नाही.

पालकांना एक गोष्ट कळत नाही ती अशी, की मोबाइलवर काहीतरी करतो म्हणजे प्रोजेक्ट करतो असं नाही, आणि मोबाइलवर आहे म्हणजे वाया गेला असंही नाही. फरक ओळखायला तंत्रज्ञान कळावं लागत नाही. मुलाला विचारा, गेल्या महिन्यात यात काय अडलं होतं आणि तू काय केलंस? खरं काम करणारं मूल तासभर बोलेल.

माझा शेवटचा वाद माझ्याच क्षेत्राशी आहे. बारावीत स्वतःच्या कामाला वेळ नाही म्हणणारी आमची व्यवस्था बारावीत प्रत्येक मुलाकडून एक प्रकल्प मागते. ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ हा 50 गुणांचा सक्तीचा विषय. त्याचं मूल्यमापन महाविद्यालयातच होतं आणि त्यात प्रत्येकाने एक प्रकल्प करणं अपेक्षित आहे. प्रत्यक्षात काय होतं ते राज्यातल्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतो. वर्गातल्या साठ जणांकडे तीच प्रस्तावना, तेच निष्कर्ष, नदीचं नावसुद्धा तेच, मग गावात ती नदी असो वा नसो. प्रात्यक्षिकांची जर्नलंही अशीच उतरवली जातात. क्लासशी टाय-अप असलेल्या महाविद्यालयांत तर मुलं वर्गातच नसतात. 2018 मध्ये शासनाला विज्ञान शाखेच्या मुलांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला, यावरून काय ते समजावं. दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावाने देणं हे आम्ही मुलांना अधिकृतपणे शिकवतो, त्याला वेळही देतो आणि गुणही. स्वतःचं काम स्वतःच्या नावाने करायला मात्र वेळ नाही. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर यांतली भिंत काढायला सांगतं. ती काढायची सुरुवात इथून होऊ शकते, आणि त्यासाठी नव्या शासन निर्णयाची गरज नाही.

जूनमध्ये पर्यावरणाच्या शिक्षकाने प्रत्येक मुलाला विचारावं, तू स्वतःहून काय करतोस, काय करतेस? आणि ते या विषयात कुठे बसेल ते दोघांनी मिळून पाहावं. दुधाचा हिशेब करणारा मुलगा संकलन केंद्रावर कॅन धुवायला रोज किती पाणी लागतं ते मोजेल. ओव्या लिहून घेणारी मुलगी आजीच्या ओव्यांतला पाऊस, विहीर, दुष्काळ वेगळा काढेल. फुटबॉल खेळणारा मैदानावरच्या पाण्याचा निचरा पाहील. ज्याचं काहीच चालू नसेल, त्याला निदान कुणीतरी विचारलं तरी असेल. असे प्रकल्प ओबडधोबड असतील, काही अर्धवट राहतील, तपासायला आम्हाला जास्त वेळ लागेल. तो वेळ द्यायची माझी तयारी आहे. यंदापासून झेरॉक्सचे प्रकल्प स्वीकारू नयेत आणि मुलांच्या स्वतःच्या कामांना या विषयात जागा द्यावी, असा अर्ज मी आमच्या प्राचार्यांकडे दिला आहे. जूनच्या पालकसभेत पाहुण्यांच्या भाषणाआधी मला दहा मिनिटं मिळावीत, हेही त्यातच लिहिलं आहे.